‘वैनी, घोडीचा ब्रेक लागत न्हाई’

चिंचवड स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. डावीकडे स्कूटरचे सुटे भाग मिळतात, उजवीकडे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात आणि मधे मी : जीन, तंग, लगाम, घुंगरांच्या माळा. नवखा माणूस पाटी वाचतो, दोन पावलं पुढे जातो, परत येऊन पुन्हा वाचतो. मग आत डोकावून विचारतो, "अजून चालतं हे?"

मी म्हणते, "तुमच्या स्कूटरपेक्षा बरं. ढकलावं लागत नाही."

१९६२ साली मी लग्न होऊन इथे आले तेव्हा दुकान सासऱ्यांचं होतं. खडकीच्या छावणीत पलटणीच्या घोड्यांचं सामान दुरुस्त करून त्यांचा हात तयार झालेला. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, हाच धंदा पुढे चालवणार, असं स्थळ सांगायला आलेल्या माणसाने शपथेवर सांगितलं होतं. वर्ष व्हायच्या आत ह्यांना पिंपरीच्या एका कंपनीत नोकरी लागली. त्या दिवसांत या पट्ट्यात घरटी एक पुरुष कंपनीत जात होता. ज्या घरातून कुणी जात नसे, त्या घराकडे लोक सुतक असल्यासारखं बघत. हे म्हणाले, "घोड्यांचे दिवस संपले. आता यंत्रांचे दिवस." आणि सकाळचा भोंगा वाजताच मान खाली घालून, ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या चालीने निघून गेले. सासरे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "पोरगा घोडं सोडून गेला आणि लगाम घालून घेतला."

सासऱ्यांची नजर तोवर अधू झाली होती. दुकान माझ्याकडे आलं. मी ते हिमतीने स्वीकारलं असं काही लोक सभेत बोलतात, ते खरं नाही. सगळ्यांनी आपापलं उचलल्यावर जे उरलं, ते माझ्या वाट्याला आलं.

धंदा शिकवायला सासऱ्यांनी पहिल्या दिवशी मला लगाम दाखवला नाही. म्हणाले, "सूनबाई, स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबून बघ." दाबला. दुखलं. "आता पोटरीवर दाब." काहीच नाही. "झालं. निम्मा धंदा आला तुला."

घोड्याच्या तोंडात पुढे गवत तोडायचे दात असतात, मागे दाढा असतात आणि मधे बोटभर मोकळी जागा असते. देवाने ती कशासाठी ठेवली मला ठाऊक नाही. माणसाने मात्र ती आपल्यासाठीच ठेवली आहे असं धरून तिथे लोखंड सरकवलं. त्या जागी हिरडी पातळ आणि खाली लगेच हाडाची धार, अगदी आपल्या नडगीसारखी. तिथे मांस नाही, चरबी नाही. आमच्या धंद्यात त्या लोखंडाला कडियाळं म्हणतात. लगाम म्हणजे सगळा साज, पण बोलतं ते कडियाळं.

कडियाळ्याच्या जाती लोकांना वाटतात तितक्या नाहीत. सरळ दांडीचं असतं ते जिभेवर पडून राहतं. ओढलं तर जीभ बराचसा दाब घेते, हिरडी वाचते. सांध्याचं असतं ते मधे दुमडतं. स्वाराच्या हातातल्या दोन्ही वाद्या एकदम ओढल्या की त्याचा अडकित्ता होतो आणि जीभ-हिरडीची सुपारी. सांधा वर उठून टाळूलाही लागू शकतो. तिसरं दांड्यांचं. तोंडाबाहेर दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे लोंबतात, वाद्या त्यांच्या खालच्या टोकाला बांधतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. ही पहार आहे. विहिरीवरचा धोंडा एकटा माणूस पहारीने हलवतो ना, तसंच. खाली करंगळीने ओढा, वर मुठीचा जोर पोचतो. तोंडात लोखंड दाबतं, खाली साखळी आवळते, कानामागचा पट्टा मान खाली खेचतो. तिन्हीकडून एकदम. चौथं काटेरी. ते समजावून सांगायची गरज नसते. ते मी दुकानात ठेवत नाही. मागणी सर्वांत जास्त त्याचीच.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर सासरे शेवटी म्हणायचे, "कडियाळं किती का मऊ असेना, त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो."

म्हणून त्यांनी दुकानात एक रिवाज पाडला होता, तो मी आजपर्यंत मोडलेला नाही. जे गिऱ्हाईक जास्त कडक लगाम मागेल, त्याने समोरच्या स्टुलावर पाय ठेवायचा. त्याच्या नडगीवर कडियाळं आडवं ठेवायचं आणि तो घोड्याला जितक्या जोराने ओढणार आहे, तितक्या जोराने आपण वादी ओढायची. बहुतेक जण पहिल्याच ओढीला सरळ दांडीचं मागतात. टांगेवाले तर पायरी चढतानाच म्हणायचे, "वहिनी, स्टूल राहू द्या. साधंच द्या."

टांगेवाले होते तोवर लोक विचारत, "घोडं आवरत नाही, काय करू?" मग कारखाने वाढले, टांगेवाले एकेक करून रिक्षात बसले आणि भाषा बदलली. आता गिऱ्हाईक येऊन म्हणू लागलं, "ब्रेक लागत नाही." एकदा एक कारखान्यातले साहेब आले. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांबरोबर त्यांना रविवारी रेसकोर्सजवळ घोड्यावर बसायचं होतं, म्हणून घाईघाईने शिकत होते. खिशातून पेन्सिल काढून म्हणाले, "दांड्यांच्या लगामाचा दाब किती किलो?"

"ओढणाऱ्यावर आहे."

"समजा, सर्वसाधारण माणूस."

"घाबरलेला की न घाबरलेला?"

त्यांनी थोडा विचार केला आणि पेन्सिल खिशात ठेवली. प्रामाणिक माणूस. सरळ दांडीचं घेऊन गेले.

लग्नाच्या घोडीवाल्यांचं निराळं. त्यांना वाटतं, बँड वाजतो, फटाके उडतात, तेव्हा लगाम कडक हवा. मी सांगते, लगाम कसाही चालेल, फक्त नवरदेवाच्या हातात देऊ नका. त्याला आदल्या दिवशीपासून काहीतरी घट्ट धरून ठेवावंसं वाटत असतं.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट कुरुळीच्या मैनेची.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि त्यातून पांढरा फेटा, पांढरं धोतर आणि नवंकोरं मनगटी घड्याळ असे तात्या उतरले. कुरुळीचे जुने शेतकरी. त्यांचं मोशीकडचं रान कारखान्यांसाठी गेलं होतं आणि आलेल्या पैशातून जीप झाली, घड्याळ झालं, आणि बैलगाड्यासाठी घोडी झाली. मागोमाग त्यांचा मुलगा हनुमंत उतरला. तो ह्यांच्याच कंपनीत टर्नर होता, सुट्टीच्या दिवशी घोडीवर बसायचा.

ज्यांनी आमच्याकडचा बैलगाडा पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. गाड्याला चार बैल, पण हाकायला गाड्यात कुणी नाही. चढणीचा लांब रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात. बैलांच्या पुढे एक घोडी जीव तोडून पळते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्यामागे बैल सुटतात. घोडीने वरच्या शेवटच्या रेघेच्या आधी पाय आखडला तर बैलही आखडतात, शर्यत गेली. आणि रेघ ओलांडल्यावर ती थांबली नाही, तर पुढे जत्रेची पालं, पाळणे, भेळवाले, पोरंबाळं.

तात्यांची घोडी, मैना, थांबत नव्हती. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या घाटावर रेघ ओलांडून ती सरळ रसवंतीत घुसली होती. माणूस कुणी दगावला नाही, पण रसवंतीवाला अजून बोलत होता.

तात्या आत येऊन बसले. "वैनी, घोडीचा ब्रेक लागत न्हाई. काटेरी द्या."

"काटेरी नाही ठेवत. आणि कडक हवं असेल तर आधी पाय ठेवा स्टुलावर."

तात्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग स्वतःच्या धोतराकडे, मग मुलाकडे. "हनम्या, ठिव पाय."

"आबा, लगाम तुमी मागताय."

"घोडीवर कोन बसतंय? मी का तू? ठिव."

मी हनुमंताच्या नडगीवर सांध्याचं कडियाळं ठेवून वादी ओढली. पोरगा ओरडला नाही, पण पाय झटकन खाली घेतला. तात्या खूश झाले. "झकास हाय. हेच द्या." या परीक्षेत दुसऱ्याचा पाय वापरला की ती बाद होते, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी मी त्यांना सांध्याचं दिलं, काटेरी नाही. महिन्याभराने परत आले. "थांबत न्हाई. उलट जादाच पळती." मी दांड्यांचं दिलं, आखूड दांड्यांचं, आणि साखळीत दोन बोटं शिरतील एवढी सैल ठेवा म्हणून बजावलं. पुढच्या घाटावर मैना रेघ ओलांडून शेजारच्या कांद्याच्या शेतात पार पलीकडच्या बांधापर्यंत गेली.

तेव्हा तात्यांनी दुकानात येऊन निकाल सांगितला. आपल्या गावच्या चैत्रातल्या जत्रेत घोडी थांबली तर राहील. नाही थांबली तर चाकणच्या बाजारात विकायची. "गावाम्होरं फजिती करणारं जनावर मला नगं." हनुमंत जाऊन जीपमध्ये बसला. पण ही घोडी शिंगरू असताना त्याने पसंत करून आणली होती आणि ती गोठ्यात आली तेव्हा त्याच्या बायकोने तिला ओवाळलं होतं, हे मला तोवर कळलं होतं. न थांबणाऱ्या घोडीला बाजारात कोण घेतं, तेही मला माहीत होतं. वीटभट्टीवाला.

यानंतर प्रकरण कंपनीत गेलं.

हनुमंताने जेवणाच्या सुट्टीत आपलं दुःख खात्यात सांगितलं आणि खात्याने ते मनावर घेतलं. या पट्ट्यातल्या पुरुषांचं एक आहे, यंत्र बिघडलंय असं म्हटलं की ते तहानभूक विसरतात. फोरमन म्हणाले, प्रश्न ब्रेकचा आहे. कुणी म्हणालं, पोलाद बदला. आणि ज्यांनी ‘घोड्यांचे दिवस संपले’ म्हणून बापाचं दुकान सोडलं होतं, ते आमचे हे रोज संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या घरात जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मैनेच्या जबड्याची आकडेमोड करू लागले.

"हे बघ," मला म्हणाले, "तू दिलेला दांडा आखूड आहे. दांडा दुप्पट केला की जोर दुप्पट. साधं गणित आहे."

"कुणावर?"

"कुणावर म्हणजे?"

"दुप्पट जोर कुणावर?"

"घोडीवरच ना! तू उगाच भावनेत शिरू नकोस."

मी भावनेत शिरले नव्हते, भाकरी वाढत होते. पण ड्रॉइंग इतकं सुरेख झालं होतं की मलाही क्षणभर वाटलं, घोडी कागदावर असती तर नक्की थांबली असती.

कडियाळं तयार झालं. लेथवर घडवलं, भट्टीत कडक केलं, वर क्रोमचा मुलामा. डोळे दिपावेत असं. प्रश्न होता ते गेटबाहेर काढायचा. डब्यात मावेना. शेवटी हनुमंताने ते पॅन्टच्या आत पायाला बांधलं आणि वॉचमनसमोरून चालत बाहेर आला. घरी पोचेपर्यंत नडगी काळीनिळी. सासरे असते तर म्हणाले असते, परीक्षा कंपनीच्या गेटवरच झाली, निकाल मात्र कुणी वाचला नाही.

कुरुळीत सरावाच्या वेळी हनुमंताने ते कडियाळं पहिल्यांदा ओढलं. मैना थांबली नाही. ती मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहिली आणि तशीच मागे पडली. हनुमंत बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. गळ्याजवळचं हाड मोडलं. घोडी उठली, तोंडातून रक्त गळत होतं, आणि थरथरत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी घरी येऊन ही बातमी सांगितली. गणितात चूक नव्हती, असंही सांगितलं. मी म्हटलं, "उद्या कुरुळीला जाऊन या." म्हणाले, "उद्या माझी पहिली शिफ्ट आहे." गेल्या कित्येक वर्षांत ह्यांनी शिफ्टचं कौतुक कधी इतक्या मनापासून केलं नव्हतं. मग मीच गेले, एसटीने.

तात्या ओसरीवर बसले होते, रागाने फुगलेले. मला बघून म्हणाले, "वैनी, आता जत्राबित्रा न्हाई. येत्या बाजाराला इकतो."

आतून खाटेवरून हनुमंताचा आवाज आला, "आबा, जत्रंपतूर म्हणला व्हता तुमी!"

"तवा तुझं हाड धड व्हतं!"

"हाड माझं हाय. मी काय बोलतोय का?"

तात्या मिशीवर हात फिरवत बसले. त्यांनी शब्द दिला होता आणि तो माझ्यासमोर दिला होता, ही त्यांची अडचण होती. मी ती मुद्दाम मोठ्याने बोलून दाखवली. "जत्रेपर्यंत," ते शेवटी म्हणाले. "एक दीस जादा न्हाई."

गोठ्यात हनुमंताची बायको जिजा घोडीजवळ उभी होती. चुणचुणीत बाई, बोलायला तिखट. मला कुणी ओळख करून द्यायच्या आत म्हणाली, "तुमीच का त्या लगामवाल्या? ह्ये बगा तुमच्या धंद्याचं फळ." आणि तिने मैनेचा ओठ वर केला. हिरडी फाटलेली, जिभेच्या कडेला व्रण. जबड्याखाली साखळीचा वळ.

मी म्हटलं, "तोंडात आता लोखंड नको. बरं होईपर्यंत साधी म्होरकी, बैलाला घालतात तशी. आणि दातांमधल्या त्या मोकळ्या जागेला बोट लावू नका."

मग मी हनुमंताच्या खाटेशी बसले. इतक्या महिन्यांत मी कडियाळी बदलून दिली होती, पण त्याला एक साधी गोष्ट विचारली नव्हती. ती आता विचारली. "शर्यत सुटायच्या आधी तू काय करतोस?"

"काय म्हंजी? बैल जुंपतात, तवर घोडी धरून ठिवायची. लोकं आरडत्यात, हलगी वाजती, ती नुसती नाचती. मी लगाम गच्च आवळतो."

"आणि झेंडा पडला की?"

"सैल सोडतो. सुटती बंदुकीच्या गोळीवानी."

"बरं. आणि वर थांबवताना?"

"लगाम गच्च आवळतो."

मग दारातून जिजा हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला टेकली. "आवो, म्हंजी बिचारीला वाटतंय आणिक येक शर्यत लागली!"

अगदी तसंच होतं. सरावाच्या दिवशी आणि शर्यतीच्या दिवशी मैनेला या लोकांनी एकच गोष्ट पक्की शिकवली होती : तोंड आवळलं, मागे आरडाओरडा झाला, की आता पळायचं. वर रेघ ओलांडली की पुन्हा तोंड आवळायचं, पुन्हा आरडाओरडा. ती शहाणी घोडी जे शिकली होती ते करत होती. लगाम जितका कडक, तितका हुकूम मोठ्याने. सांध्याचं कडियाळं म्हणालं पळ, दांड्यांचं म्हणालं जोरात पळ, आणि कंपनीचं म्हणालं जीव घेऊन पळ. हे मी घरी जाऊन ह्यांना सांगितलं, तेव्हा ते तोंडात घास धरून थांबले. "म्हणजे चालू आणि बंद एकाच बटणावर?" म्हणाले. "असं कुणी यंत्र बनवत नाही." मी म्हटलं, "बरोबर. म्हणून तुम्हाला सापडलं नाही. मलाही नाही."

कारण सापडलं, पण उपाय सोपा नव्हता. लगामाचा अर्थ बिघडलेला, तो जत्रेच्या आत सुधारणं शक्य नव्हतं. हनुमंताचा हात गळ्यात, त्यामुळे ओढायचा प्रश्नच नव्हता, हा त्यातला फायदा. त्याच दिवशी, खाटेशी बसल्या बसल्याच मी विचारलं, "ही घोडी आपणहून कशाला थांबते?"

"माझ्या बादलीला," जिजा म्हणाली. "सांजच्याला भिजलेलं हरभरं घालते. बादली वाजवली की रानातनं पळत येती आन् माझ्या पदरापाशी थांबती. येकदाबी अंगावर आली न्हाई."

तात्या ओसरीवरून ऐकत होते. मी काय म्हणणार हे त्यांना माझ्याआधी कळलं. "न्हाई," ते म्हणाले. "घाटाच्या डोक्यावर बाईमाणूस उभं? बादली घिऊन? गाव हसंल."

"घोडी पुन्हा जत्रेत घुसली तर गाव काय करेल, तात्या?"

"हसंल."

"मग दोन्हीकडून हसणारच आहे, तर घोडी घरात ठेवून हसू द्या."

त्यांनी हो म्हटलं नाही. उठून जीपमध्ये जाऊन बसले, जीप चालू केली आणि कुठेच न जाता बंद केली. आमच्याकडे हा होकार असतो.

चैत्र येईस्तोवर हाड जुळलं, हिरडी भरली. मी सरळ दांडीचं कडियाळं चामडं गुंडाळून दिलं. हनुमंताला सांगितलं, वाद्या हातात असू दे, पण सुटताना आवळायच्या नाहीत. झेंडा पडेपर्यंत एक माणूस म्होरकी धरून उभा राहील, तू मानेवर थोपट. रोज संध्याकाळी घाटाखालून मैनेला सोडायचं आणि वर जिजाने बादली वाजवायची. पहिल्या दिवशी तात्या पाठ फिरवून उभे राहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच बादली कुठली जास्त वाजते ते ठरवत होते.

जत्रेच्या दिवशी मी आणि हे दोघे गेलो. ह्यांनी त्यासाठी रजा काढली, हे नमूद करते. तात्यांनी फक्त एक हट्ट धरला. कंपनीत बनवलेलं ते चकाकणारं कडियाळं त्यांनी मैनेच्या छातीवरच्या पट्ट्याला घुंगरांमध्ये बांधलं होतं. "शोभंला ऱ्हाऊ द्या," म्हणाले. छातीवर दुखत नव्हतं, मी हरकत घेतली नाही.

वर रेघेच्या पुढे जिजा उभी होती, नऊवारी खोचलेली, हातात बादली. आजूबाजूला पुरुषांच्या टोप्याच टोप्या. कुणीतरी म्हणालं, "काय वो, म्हस पिळायला आलाय का?" जिजा म्हणाली, "तुमची बांधल्याली असंल तर पिळते की."

झेंडा पडला. मैना सुटली. चार बैल तिच्यामागे, धूळ, हलगी, ओरडणं. मला काही दिसेना, फक्त छातीवरचं क्रोम चकाकत वर येताना दिसत होतं. ह्यांनी माझा दंड धरला होता. दाब किती किलो होता ते सांगता येणार नाही. रेघ गेली. घोडी तशीच सुसाट. जत्रेची पालं समोर. आणि त्या सगळ्या गोंगाटात जिजाने बादलीवर दगड मारायला सुरुवात केली, ठण ठण ठण, आणि जागेवरून हलली नाही. हनुमंताने दोन्ही हात वर केले, वाद्या सैल सोडल्या. त्याला ते किती जड गेलं असेल, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. मैनेचे कान पुढे झाले. चाल तुटली, दुडकी झाली, चालणं झालं, आणि तिने जिजाच्या पदरापाशी येऊन बादलीत तोंड घातलं.

गाड्याचा नंबर यथातथाच लागला. तात्यांनी त्याकडे लक्षही दिलं नाही. घोडीच्या मानेवर हात ठेवून ते म्हणाले, "चाकणला काय, कुटंच जात न्हाई ही." मैना म्हातारी होऊन अजून त्याच गोठ्यात आहे.

आता खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. पण लाउडस्पीकरवाल्याने घोडीच्या छातीवर चकाकणारं लोखंड पाहिलं होतं. तो ओरडला, "कुरुळीच्या तात्यांच्या घोडीला कंपनीत बनिवल्याला खास ब्रेक!" तात्यांनी क्षणभर जिजाकडे पाहिलं, मग गावाकडे, आणि मान डोलावली. हरभऱ्यांनी थांबली म्हणण्यापेक्षा कंपनीच्या ब्रेकने थांबली हे पाहुण्यांत सांगायला बरं. आमचे हेसुद्धा गर्दीत हळूच म्हणाले, "ड्रॉइंग मात्र सुबक होतं." जिजा एवढंच म्हणाली, "असू द्या. बादली काय बोलत न्हाई." आणि पुढच्या जत्रेला कुणी न बोलवता बादली घेऊन जाऊन उभी राहिली. चार-पाच वर्षांत दुसऱ्याही गाड्यांच्या बायका तिच्या शेजारी उभ्या राहू लागल्या. त्याबद्दल लाउडस्पीकरवर अजून काही आलेलं नाही.

माझ्याकडे मात्र खेड-मावळातून माणसं येऊ लागली. सगळ्यांना मैनेचा ब्रेक हवा. लांब दांड्याचा, क्रोमचा. अजून येतात. मागच्याच महिन्यात चाकणकडचा एक जण आला. पायात बूट, डोळ्यांवर गॉगल, हातात जीपची किल्ली. मी त्याला पूर्ण गोष्ट सांगितली, जशी तुम्हाला सांगितली तशी. मग म्हटलं, "कडियाळं मी देते. बादली नि हरभरे तुम्हाला बाजारात मिळतील. घाटाच्या डोक्यावर कोण उभं राहणार, ते घरात विचारून या. विचारून, सांगून नव्हे."

तो बराच वेळ किल्ली बोटात फिरवत राहिला. मग म्हणाला, "वैनी, लई कुटाणा हाय. त्यापरीस काटेरी काय हाय का बघा."

मी स्टूल पुढे सरकवलं. "पाय ठेवा."